आरशातले प्रवासी

प्रिय बाबा,

आत्याच्या पत्त्यावर माझं पत्र आलेलं बघून तू आधी पाकीट उलटंसुलटं करशील, मग चष्म्यासाठी अख्खं घर पालथं घालशील, आणि मग आत्या सांगेल की तो तुझ्या कपाळावरच आहे. तेवढा वेळ धरूनच मी लिहायला बसलेय. फोन तू उचलत नाहीस. चुकून उचललास तर 'इथं रेंजच नाही गं' म्हणतोस, आणि मागे आत्या शेजारणीशी काय कुजबुजतेय ते मला शब्दन्शब्द ऐकू येतं. पत्राला रेंजची भानगड नाही. शिवाय ते मध्येच तोडता येत नाही. फार तर घडी घालून खिशात ठेवशील, आणि खिशात काही राहिलं की तुला चैन पडत नाही हे मला माहीत आहे.

घरी सगळं ठीक आहे, म्हणजे आई सोडून. तिनं सगळ्यांना सांगून ठेवलंय की तू हवापालटाला गेलायस. शेजारच्या काकूंनी विचारलं, एकदम हवा पालटायची इच्छा कशी काय झाली, तर म्हणाली, 'त्यांना इथली हवा मानवत नाही, म्हणजे माझी.' तुझा विषय निघाला की भांडी आपटते आणि नाही निघाला तर जास्त जोरात आपटते. पण रोज अंथरुणं घालताना तुझ्या बाजूची उशीही झटकते, खोळ नीट करते, आणि मी बघतेय असं दिसलं की 'धूळ फार बसते बाई' म्हणते. दोघींची भाजी चिरायला घेते आणि तिघांची चिरून ठेवते. मी दुप्पट खाते. तू परत येशील तेव्हा मी बसच्या दारातून आत मावेन की नाही याचीच शंका आहे.

बसवरून मुद्द्यावरच येते. त्या दिवशी डॉक्टरांनी आपल्याला समोर बसवून नीट सांगितलं. तुझ्या मानेतल्या आणि काखेतल्या गाठी कॅन्सरच्या आहेत, पण या जातीच्या गाठी औषधाला चांगला प्रतिसाद देतात. खात्री कुणीच देऊ शकत नाही, आशा मात्र भरपूर आहे, फक्त उशीर करू नका. तू सगळं शांतपणे ऐकून घेतलंस, त्यांचे आभार मानलेस, उठताना खुर्चीसुद्धा आत सरकवलीस. मग टॅक्सीत पुढे बसलास. मी मागून बघत होते. प्रत्येक वळणावर तुझा उजवा पाय खाली रिकाम्या जागी ब्रेक दाबत होता. तू आयुष्यभर बस चालवलीस, आणि आयुष्यभर असाच आहेस. दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग असलं की तुला मळमळतं. मामानं नवी गाडी घेतली तेव्हा हौसेनं तुला फिरवायला नेलं आणि तू कोपऱ्यावरच उतरून चालत घरी आलास, ते आठवतं ना? तसाच तू दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरून आत्याकडे गेलास. तिथून आईला एकच फोन केलास, 'तो थांबा माझा नाही, मी तिथं उतरणार नाही.' पुढच्या मंगळवारी तुझा पहिला डोस ठरलेला आहे. खिडकीजवळची खुर्ची तुझ्यासाठी राखून ठेवलीय.

मी इतके दिवस समजत होते की तुला औषधाची भीती आहे. सुईची, उलट्यांची, केस जाण्याची. केस म्हणजे जे काय उरलेत ते. म्हणून मी आईला सांगत होते, त्याला मी समजावीन, माझं रोजचंच काम आहे. आई वाटाणे सोलत बसली होती. ती म्हणाली, 'तुझं रोजचं काम त्यालाही ठाऊक आहे. त्याला औषधाची भीती नाही. तो काय म्हणाला ते तुला सांगू नको म्हणालाय.' आणि मग अर्थातच तिनं सगळं सांगितलं. तू म्हणालास, 'मी वर्षानुवर्षं माणसं त्या थांब्यावर उतरवलीत. आरशातून बघितलंय मी. आधी टणाटण चढतात, मग दांडा धरून, मग कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून, आणि मग एक दिवस येतच नाहीत. एकसुद्धा परत दिसला नाही.' बाबा, तू हे इतकी वर्षं घेऊन फिरतोयस आणि मला पत्ता नाही!

मला तुझी ती गाडी स्वच्छ आठवते. शाळा सुटली की मी डेपोत यायचे आणि तुझ्या संध्याकाळच्या फेरीला कंडक्टरकाकांच्या सीटवर ठाण मांडायचे. ते बिचारे उभे. संपलेल्या तिकिटांचे गठ्ठे माझ्याकडे, बेलची दोरी माझ्याकडे, आणि तू आरशातून बघून विचारायचास, 'काय कंडक्टर, सोडायची का?' एखादी म्हातारी अजून जागा शोधत असली तर मी जोरजोरात मान हलवायचे. ती टेकली की दोरी दोनदा ओढायचे. डबल बेल ऐकल्यावर मगच तू गाडी हलवायचास. माणूस बसल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा तुझा एकच नियम. बाकी वेळापत्रक वगैरे गेलं खड्ड्यात. त्यावरून तुला साहेबांची बोलणीही खावी लागली. तेव्हापासून घरात मला कंडक्टर हे नाव पडलं आणि अजून तेच चालू आहे. परवा बँकेत आईनं मला तशी हाक मारली तर चार माणसं सुट्टे पैसे काढायला लागली.

मग मी नर्स झाले आणि तुझ्या मार्गाच्या शेवटच्या थांब्यावरच्याच हॉस्पिटलात, कॅन्सरच्या डे-केअरमध्ये लागले. म्हणजे तू माणसं दारापर्यंत आणायचास आणि मी दारातून आत घ्यायचे. एकाच सकाळी, एकाच माणसाला आपण दोघं थोड्या थोड्या वेळाच्या अंतरानं भेटत होतो. पण घरी जेवायला बसलो की त्या थांब्याबद्दल एक अक्षर नाही. माझ्याकडून नाही, कारण वॉर्डातली गोष्ट वॉर्डातच ठेवायची हे आमचं पहिलं बंधन. तुझ्याकडून नाही, कारण तुला ते बंधन ठाऊक होतं आणि मला पेचात टाकायचं नव्हतं. तू फक्त विचारायचास, 'आज गर्दी होती का?' मी म्हणायचे, 'होती.' संपलं. मला वाटायचं, बापलेकीत काय समजूतदारपणा आहे! त्या समजूतदारपणानं केवढा घोळ घातला ते आत्ता कळतंय.

तेव्हा आज मी तुला आत घेऊन जाते. तू आजवर दारापर्यंतच आलायस. आत एक लांबट खोली आहे, पाय वर घेता येतील अशा खुर्च्या दोन्ही बाजूंना, प्रत्येकीशेजारी सलाइनचा स्टँड. तुझ्या खुर्चीच्या खिडकीतून बस वळायची जागा दिसते, म्हणजे वळण कोण कसं घेतं यावर तुला दिवसभर टीका करता येईल. माणूस आला की आधी आम्ही त्याला त्याचं नाव विचारतो. दर वेळी. महिनोन्महिने ओळखत असलो, त्याच्या सुनेशी झालेली भांडणं आम्हाला पाठ असली तरीही विचारतो, आणि त्यानं ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं. मग दुसरी सिस्टर येऊन पुन्हा तेच विचारते, आणि दोघी मिळून पिशवीवरचं लेबल मोठ्यानं वाचतो. लोक वैतागतात. एक आजोबा तर रोज नवं नाव सांगायचे, कधी राजा, कधी दरोडेखोर. त्यांना दम भरावा लागायचा की दरोडेखोराचं औषध आज आलेलं नाही. तुला हे पटेल. तू रोज तीच गाडी घेऊन निघायचास आणि तरी रोज ब्रेक तपासायचास.

मग शीर शोधायची. घाबरलेल्या माणसाच्या शिरा दडून बसतात. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल हाताला गुंडाळायचा आणि इकडचं तिकडचं बोलत राहायचं. लोकांना वाटतं, या सिस्टरला काय बडबड करायची हौस! पण बोलता बोलता हात सैल पडतो, आणि आम्ही तेवढ्याचीच वाट बघत असतो. तुझ्या औषधांतलं एक लालभडक आहे. त्यानं दुसऱ्या दिवशी लघवीही लाल होते. हे आधी सांगितलं नाही तर माणूस घरी एकटाच घाबरून अर्धा होतो, म्हणून आम्ही ते हसत हसत दोनदा सांगतो, आणि त्याच्या बायकोला वेगळं सांगतो. पुढे काय काय होऊ शकतं ते अगोदर कानावर घालायचं, पण एका वेळी पचेल एवढंच. ताप आला तर वाट न बघता फोन करायचा, मग वेळ कुठलीही असो. फोन आमच्यातलीच कुणीतरी उचलते, आणि तिला रेंज असते.

आमचं निम्मं काम त्या पिशवीत नसतंच. डॉक्टर समोर असले की माणसं 'बरं आहे' म्हणतात. डॉक्टर वळले की आमची बाही ओढून सांगतात, तोंडात फोड आलेत, पाणीसुद्धा टोचतं, रात्रभर डोळा लागत नाही. ते ऐकायचं आणि डॉक्टरांपर्यंत पोचवायचं, म्हणजे औषध बदलतं. शिव्याही आम्हालाच मिळतात. कुणावर तरी रागवायचं असतं, आणि ज्या आजारावर रागवायचं तो काही समोर येऊन बसत नाही. एका माणसाला बायकोसमोर रडायचं नव्हतं. आम्ही तिला चहा प्यायला पाठवायचो, की मग तो मोकळा व्हायचा. आणि तीही चहा न पिता कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून रडत असायची, म्हणून आमच्यातली एक आत थांबायची आणि एक बाहेर. दोघंही डोळे पुसून एकमेकांसमोर आले की हवापाण्याच्या गप्पा मारायचे. आम्ही कधी कुणाचं बिंग फोडलं नाही.

हे सगळं हातमोजे घालून चालतं बरं का. ती औषधं कातडीला लागू नयेत म्हणून जाड मोजे घालावे लागतात, एकावर एक. कुणाचा हात धरला तरी तो मोज्यातूनच. सुरुवातीला मला फार वाईट वाटायचं, की माणूस घाबरून हात पुढे करतो आणि त्याच्या हाती येतं रबर. हळूहळू सवय झाली. त्यांनाही होते. डोळे मिटून पडलेली माणसंसुद्धा आता कोणती सिस्टर आली ते मोज्यातल्या हातावरून ओळखतात.

आता तुझ्या आरशाकडे येते. बाबा, शेवटचा डोस झाला की आमच्याकडे टाळ्याबिळ्या वाजत नाहीत. शेजारच्या खुर्चीवरच्याचं अजून पुष्कळ बाकी असतं, कुणाचं तर संपणारच नसतं. म्हणून इथं कुणी न शिकवता एक रीत पडलीय. ज्याचं संपलं त्यानं हळूच उठायचं, शेजारच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि मागच्या दारानं निघायचं. गाड्या लावायची जागा तिकडे आहे, आणि त्या दिवशी मुलगा नाहीतर जावई कौतुकानं गाडी घेऊन आलेला असतोच. म्हणजे त्या दिवशी तुझ्या थांब्यावर ते उभेच नसतात. पुढे तपासणीला येतात ते वर्षाकाठी एखाद्या वेळी, शेजारच्या इमारतीत, केस वाढवून, अंगानं भरून, तोंडाला रंग चढलेला. त्यातले काही तुझ्या गाडीतही चढले असतील. तू ओळखणार कसा? तू त्यांना टोपीवरून, रुमालावरून, दांडा धरायच्या पद्धतीवरून ओळखायचास. बरी झालेली माणसं तुझ्या आरशात आली असतील आणि तू त्यांना साधे प्रवासी समजून पुढे रस्त्याकडे बघितलं असशील. ही चूक फक्त तूच करू शकतोस, कारण बाकी कुठल्या ड्रायव्हरनं कोण यायचं थांबलं याची आठवण ठेवली असती?

मी तुला गोड गोड खोटं सांगणार नाही, तसं इथं चालतही नाही. सगळेच मागच्या दारानं घरी जात नाहीत. कायम काळी छत्री घेऊन येणारे ते उंच काका, ज्यांना तू गाडी अगदी फुटपाथला चिकटवून द्यायचास, ते गेले. त्यांच्याबद्दल तुझा अंदाज खरा होता (त्यांच्या बायकोला विचारूनच हे लिहितेय). पण त्यांचं जाणंही तू बघितलं नाहीस, मी बघितलं. औषधांनी काम करायचं थांबवलं तेव्हा आमचं थांबलं नाही. दुखू द्यायचं नाही, ओठ कोरडे पडू द्यायचे नाहीत, ते काय सांगतायत ते पूर्ण होईपर्यंत ऐकायचं. त्यांना गुळगुळीत दाढी लागायची. शेवटच्या सकाळी वरच्या वॉर्डात जाऊन मीच ती करून दिली आणि त्यांच्या बायकोनं गालावरून हात फिरवून 'इथं राहिलीय जरा' म्हणून मला परत करायला लावली. ते हसले. तेव्हा त्यांना दुखत नव्हतं, आणि ते एकटे नव्हते, एवढं मी तुला छातीठोकपणे सांगू शकते.

आणि आता टोपीवाली बाई. तिचं आईनं सांगितलं म्हणून मला कळलं. एका संध्याकाळी तू ताटावरून तसाच उठलास आणि आईला म्हणालास, 'ती विणलेल्या टोपीची बाई गेली बहुतेक. दोन आठवडे झाले, दारामागची सीट रिकामी जाते.' आई म्हणते, त्या दिवशी तू रेडिओही लावला नाहीस. बाबा, परवा ती बाई वॉर्डाच्या दारात येऊन उभी राहिली. डोक्यावर पांढरेशुभ्र दाट केस, हातात ती जुनी टोपी, कारण तिला वाटलं कुणाच्या तरी उपयोगी पडेल. वर्षाची तपासणी होती, सगळं उत्तम निघालं. शाळेत गणित शिकवायची ना ती, आवाज अजून तसाच, अख्खा वॉर्ड सरळ बसला. मला म्हणाली, 'अगं, त्या बसवाल्याचं काय झालं ते तुम्हाला कुणाला ठाऊक आहे का? माझं सगळं संपल्यावर वर्षभरानं मी मुद्दाम त्याच्या गाडीनं आले, त्याला केस दाखवायला. तर तिथं कुणीतरी दुसराच बसलेला. मी काय समजायचं ते समजले. फार वाईट वाटलं गं. गेला बिचारा.'

मी तिला म्हटलं, 'अहो बाई, गेला नाही, रिटायर झालाय. माझा बाप आहे तो.' ती आधी हसली, मग डोळ्यांना पदर लावला, मग मला दम दिला की हे आधी का नाही सांगितलंस. म्हणजे बघ, तू तिच्यासाठी जेवला नाहीस आणि ती तुझ्यासाठी रडली, आणि दोघंही जिवंत! मग तिनं मला ती गोष्ट सांगितली, जी तू घरी कधीच बोलला नाहीस. परतीच्या वाटेवर तिला भर गाडीत उलटी झाली, अंगावर, सीटवर, सगळीकडे. लोक तोंड फिरवायला लागले. तू गाडी बाजूला घेतलीस, मागे वळून सगळ्यांना सांगितलंस, 'इंजिन तापलंय, खाली उतरून थांबा जरा,' आणि गाडी रिकामी करून तिच्याकडे न बघता पाण्याची बाटली आणि फडकं तिच्याशेजारी ठेवलंस. मग बाहेर जाऊन बॉनेट उघडून उगीचच आत बघत राहिलास. ती म्हणाली, 'इंजिन तापलं नव्हतं. मला कळत होतं. पण त्या दिवशी मी ठरवलं होतं की आता पुन्हा औषधाला यायचं नाही, पुरे झालं. आणि मग वाटलं, एवढा माणूस माझ्यासाठी बॉनेटमध्ये डोकं घालून उभा आहे, तर पुढच्या वेळी जायलाच पाहिजे.' बाबा, मी शिकून, परीक्षा देऊन, युनिफॉर्म घालून जे काम करते ते तू ड्रायव्हरच्या सीटवरून करत होतास. मला तुझा इतका अभिमान वाटला की मी पुढच्या दोन पेशंटना विनाकारण तुझी गोष्ट सांगितली. बाईंनी परवानगी दिलीय, नाहीतर तुलाही लिहिली नसती. 'लिही,' म्हणाल्या, 'आणि अक्षर मोठं काढ.'

तुझ्या गाठींचंही मी त्यांना सांगितलं, रागवू नकोस. त्यांनी एकच विचारलं, कुठला वार? आता मंगळवारी बाई मुलाच्या गाडीऐवजी आपल्या बसनं येणार आहेत, आपल्या एक थांबा आधी चढतात. दारामागच्या त्याच सीटवर बसणार, शेजारची जागा अडवून. निरोप असा आहे की, 'ड्रायव्हरसाहेब नीट टेकल्याशिवाय मी गाडी हलू द्यायची नाही, मग गाडीवर ड्रायव्हर कुणीही असो.' त्या नव्या ड्रायव्हर पोराची मला आत्ताच दया येतेय.

एवढं सगळं लिहिल्यावर आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. आमच्याकडे नियम आहे, घरच्या माणसाला आपण सुई लावायची नाही. तुझी सुई आमची बारकी लावणार. अंगानं काडी आहे म्हणून बारकी, पण हात माझ्यापेक्षा हलका आणि बडबड माझ्या दुप्पट. मी मंगळवारची रजा टाकलीय. प्रत्येक पेशंटच्या खुर्चीशेजारी एक साधी खुर्ची असते, नातेवाइकांची. इतक्या वर्षांत मी तिच्यावर कितीतरी जणांना बसवलं, स्वतः कधी टेकलेसुद्धा नाही. मंगळवारी मला तिथं बसायचंय, आणि मला भीती वाटते, बाबा. रोज दुसऱ्यांना सांगते ती सगळी वाक्यं मी स्वतःला सांगून बघितली, लागू पडत नाहीत. मी तुझीच मुलगी आहे. दुसरीच्या हातात सलाइन असलं की मलाही मळमळणार, थेंब थेंब पडताना मीही खाली पायानं ब्रेक दाबत बसणार. एकटीनं मला ते जमणार नाही, आणि तुलाही जमणार नाही, म्हणून आपण दोघं प्रवासी होऊ या. आत येऊन, डोळ्यांनी बघून तू नको म्हणालास तर मी तुझ्या बाजूनं आईशी भांडेन, शब्द देते. पण आरशातून बघून नको म्हणू नकोस. सोमवारच्या गाडीनं ये, आई तिघांची भाजी चिरून ठेवेलच. मंगळवारी तू त्या खुर्चीत नीट बस, पाठ टेक, हवा तेवढा वेळ घे. तू मान हलवलीस की मी बारकीला डबल बेल देईन, त्याच्या आधी काही सुरू होणार नाही. आणि त्या दिवशी मी ड्युटीवर नसेन, म्हणून माझ्या हातांत मोजे नसतील.

तुझीच,
कंडक्टर